मार्थाबाईंची जागा

संगमनेरची यष्टी फलाटाला लागली तेव्हा माझी ट्रंक टपावर चढलीसुद्धा होती आणि ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा कुणीतरी रुमाल टाकून माझ्यासाठी धरून ठेवली होती. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोपरगावच्या स्टँडवर आले की अशा गोष्टी आपोआप होत. ते स्वतः गाडीजवळ थांबले नाहीत. कँटीनच्या सावलीत माणसांच्या घोळक्यात उभे होते. गाडी सुरू झाली तसे खिडकीखाली आले आणि एवढंच म्हणाले, "सहा महिनं काढ. दिवाळी झाली की तुला हितं आनतो. माझा शब्द हाय."

आई स्टँडवर आलीच नव्हती. मळ्यातल्या घराच्या फाटकाशी तिनं माझ्या हातात लसणीच्या चटणीची पुडी दिली होती. म्हणाली होती, "तिथं आपल्या वळखीचं कुनी न्हाई, सुमे. जपून ऱ्हा."

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी शिक्षिकेचं ट्रेनिंग संपवलं होतं आणि पहिली नेमणूक अकोले तालुक्यातल्या एका डोंगरातल्या वाडीवर आली होती. जिल्हा एकच, पण आमच्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला अकोल्याचे डोंगर म्हणजे परमुलूख.

माझ्या भावांची काही मुलं आता पुण्यात आहेत, काही समुद्रापलीकडे आहेत. मोबाईलवर बोलताना कधीतरी विचारतात, "आत्या, तू तिकडे डोंगरात कशाला गं राहिलीस?" दर वेळी मी थट्टेवारी नेलं. "हवा चांगली आहे," म्हणाले. या वर्षी मात्र वाटलं, नीट सांगावं. तुम्हीही घर सोडून गेलेले आहात, तुम्हाला कळेल. आणि मळ्यात मागे राहिलेल्यांनाही हे कुणी कधी सरळ सांगितलेलं नाही.

आधी अण्णांबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना उगाच वाईट समजाल. तालुक्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे. कुणाच्या पोराला शाळेत घ्यायचं असो, कुणाच्या बाळंतिणीला दवाखान्यात खाट हवी असो, माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि अण्णा डोक्याला टोपी घालून त्यांच्याबरोबर निघत. त्याबद्दल त्यांनी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. त्यांना त्यात आनंद होता. आणि त्या आनंदात आम्ही भावंडं वाढलो. मला कधी रांगेत उभं राहावं लागलं नाही. शाळेच्या नाटकात मला राणीचं काम मिळालं. पण ते माझा आवाज चांगला म्हणून मिळालं की अण्णांची मुलगी म्हणून, हे मला कळलं नाही. कुणाला विचारायचं धाडसही झालं नाही. ट्रेनिंगला पहिल्या वर्गात पास झाले तेव्हाही मनात पहिली शंका तीच आली. माझ्या वयाच्या मुलींना वाटायचं, हिचं किती सुख. मला मात्र स्वतःचं वजनच ठाऊक नव्हतं. कुणीतरी कायम तराजूवर हात ठेवून उभं असल्यासारखं.

वाडीत अण्णांना कुणी ओळखत नव्हतं. जीपचा रस्ता संपला, पुढे ओढ्याकाठची पायवाट. ट्रंक डोक्यावर घेऊन एक माणूस पुढे आणि मी मागे. कारवीच्या कुडाची घरं, उतारावर भाताची खाचरं, त्यांच्या वर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, वावराचे तुकडे. देवराम नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या पडवीला कूड घालून मला खोली करून दिली होती. त्याची बायको हौसा माझ्याच वयाची, नुकती लग्न होऊन आलेली. ती कमरेवर हात ठेवून मला न्याहाळत होती.

"किती दिस ऱ्हानार तुमी?" तिनं विचारलं.

"सहा महिने."

"मंग नाव कशाला इचारू?" म्हणाली आणि पाण्याचा हंडा उचलून गेली.

तिचं चुकत नव्हतं. त्या शाळेवर माणसं येत आणि खाली जाण्याची खटपट करत बसत. खटपट जमली की जात. मीही तेच करत होते. फरक एवढाच की माझ्यासाठी खटपट करणारे दुसरे होते. शाळेची एक दगडी खोली होती. त्या खोलीत पाचसहा पोरं यायची, तीही रोज तीच नव्हेत. बाकीची लावणीला खाचरात, नाहीतर गुरांमागे डोंगरावर. मी फळ्यावर तारीख घालायची, हजेरी घ्यायची, आलेल्यांना बाराखडी म्हणायला लावायची आणि दारातून समोरच्या डोंगराकडे बघत बसायची. नागलीची भाकरी घशाखाली उतरायची नाही. आईची चटणी पुरवून पुरवून खाल्ली. अण्णांनी 'सहा महिनं काढ' म्हटलं होतं, आणि मी अक्षरशः काढत होते.

दिवाळीला घरी आले तेव्हा मळ्यात सगळं ठरलेलं होतं. जवळच्याच एका साखर कारखान्यात केमिस्ट असलेल्या मुलाशी माझं लग्न जमलं होतं. त्या घराला शिकलेली, नोकरीवाली सून हवी होती, पण गावात राहणारी. लग्न वैशाखात आणि त्याआधी माझी बदली कोपरगावच्या शाळेत. मुलगा आमच्याकडे फराळाला येऊन गेला. सावळा, मितभाषी, बरा वाटला मला. हे मी आज खोटं सांगणार नाही. त्याच्याशी लग्न होणार याचा मला आनंद होता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन मार्थाबाईंकडे गेले. मार्थाबाई त्रिभुवन मला चौथीला शिकवायला होत्या आणि अजूनही कोपरगावच्या शाळेतच होत्या. चर्चच्या मागच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान खाटेवर पडलेले. आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता, एक हात आणि एक पाय गेला होता. बाई त्यांना चमच्यानं भात भरवत होत्या. मला बघून हसल्या, डबा घेतला, बस म्हणाल्या.

"वर थंडी फार असते का गं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, सहज विचारतायत. मी कौतुकानं सांगायला लागले, धुकं कसं असतं, ओढ्याचं पाणी कसं बर्फासारखं असतं.

"दूध मिळतं का?"

"मिळतं. शेळीचं जास्त."

"आणि जीप थेट गावापर्यंत येते का? आजारी माणसाला निजवून न्यायचं झालं तर?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "बाई, तुम्ही वर येणार आहात?"

"तू खाली येणार आहेस ना," त्या म्हणाल्या. "मग कुणीतरी वर जायला हवं. माझं नाव निघालंय असं कळलं." आवाजात कडवटपणा नव्हता. यजमानांच्या ओठाला लागलेलं शीत त्यांनी पदरानं पुसलं. "तू मनाला लावून घेऊ नकोस. नोकरी म्हटली की बदली आलीच. फक्त यांना कसं न्यायचं तेवढंच बघतेय. श्रीरामपूरला माझी बहीण असते, तिच्याकडे ठेवावं म्हटलं, तर हे नाही म्हणतात. मला सोडून राहायचं नाही म्हणतात."

खाटेवरच्या माणसाला बोलता येत नव्हतं नीट. पण त्यांनी चांगला हात उचलून बाईंच्या मनगटावर ठेवला.

मी घरी चालत आले. मनात एकच आशा होती की अण्णांना हे ठाऊक नसेल. ठाऊक झालं की ते स्वतःच हात मागे घेतील, कारण अडलेल्या माणसासाठी धावणारे अण्णा मी जन्मभर पाहिले होते.

ते मळ्यात होते. पाटाला पाणी सुटलं होतं आणि ते स्वतः फावडं घेऊन उसाच्या सऱ्यांना पाणी देत होते. मी बांधावर उभी राहिले.

"अण्णा, माझ्या जागी वर कोण जानार हाय?"

"कुनी का जाईना. कचेरीचं काम हाय ते."

"मार्थाबाई जानार हायत."

त्यांनी एक सरी फोडली, दुसरीच्या तोंडाला चिखल घातला. मग म्हणाले, "ठाऊक हाय."

त्या दोन शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं पुढच्या भांडणानं लागलं नाही.

"त्यांचा माणूस खाटेवर हाय."

"हाय ना. मी काय डोळं झाकून बसलोय का?" अण्णांनी फावडं जमिनीत रोवलं. "त्यांची नोकरी थोडी ऱ्हायली. तुझं समदं आयुष्य पुढं हाय. चार दारांत जाऊन हे जमवलंय. बाप म्हनून मी कुनाचं बघू, सांग. तुझं का त्यांचं?"

बापानं कुणाचं बघावं, हे मुलीनं कसं सांगायचं? पण मी कुठल्या खुर्चीवर बसावं, एवढं मला सांगता येत होतं.

"मी येत न्हाई, अण्णा. मी वरच ऱ्हाते."

"आन् लगीन?"

"त्यांना तिकडं ऱ्हानारी चालत असंल तर करीन."

"मी शब्द दिलाय, सुमे."

"तुमी दिलाय. मला इचारून न्हाई दिला."

आमच्या घरात अण्णांशी असं कुणी बोललं नव्हतं. मी शूर झाले होते असं समजू नका. माझ्या वहाणा चिखलात रुतल्या होत्या, त्या काढायलाही सुचेना. अण्णांनी रोवलेलं फावडं उपसलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग आजपास्नं तुझं तू बघ. माझ्या नावावर काय मागू नगं कुठं."

"न्हाई मागनार," मी म्हणाले.

आई चुलीपाशी रडली. भावांनी समजावलं, वहिनी म्हणाली, एका म्हाताऱ्या मास्तरणीपायी एवढं चांगलं स्थळ घालवतेस. तो केमिस्ट मुलगा भल्या मनाचा होता. तो भेटायला आला आणि म्हणाला, "त्यांचं काहीतरी होईलच. प्रत्येकाचं आपण कुठवर बघणार?" त्यात खोटं काही नव्हतं. पण मला दिसत होतं की रोज सकाळी मी त्या शाळेत जाईन, मार्थाबाईंच्या खुर्चीवर बसेन, त्यांच्या खडूच्या डबीतला खडू उचलेन. आणि मग मला आयुष्यभर तीच शंका राहील, हे माझं आहे की मला आणून दिलेलं आहे? नाटकातली राणी होणं वेगळं. हे मला पेलणार नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. त्याला पूर्ण कळलं नसावं, पण तो रागावला नाही. पुढे त्याचं दुसरीकडे लग्न झालं.

नगरच्या कचेरीत जाऊन बदली नको म्हणून मी स्वतः सांगितलं. साहेब चकित झाले. "तुम्ही त्यांच्याच कन्या ना?" असं अण्णांचं नाव घेऊन विचारलं. मी म्हणाले, "मी वाडीच्या शाळेची शिक्षिका आहे. तिथं राहू द्या, एवढंच." बाहेर आल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. हे काम मी माझ्या तोंडानं केलं होतं. रांगेत उभी राहून.

परतीच्या दिवशी कोपरगावच्या स्टँडवर मला सोडायला घरचं कुणी आलं नाही. जागा धरलेली नव्हती, मी मागच्या बाकावर कोंबून बसले. तेवढ्यात मार्थाबाई आल्या. घाईघाईनं चालत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. मला वाटलं, आता त्या माझे हात हातात घेतील.

"मला विचारलंस का तू?" त्या खिडकीतून म्हणाल्या. "मी जायची तयारी केली होती. माझ्यावर उपकार म्हणून केलं असशील तर मला ते नको."

"उपकार नाही, बाई. मला तुमच्या जागेवर बसणं जमलं नसतं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, चौथीत गणित तपासताना बघायच्या तसं. "मग ठीक आहे. वर मुलं किती येतात शाळेत?"

मी खरं ते सांगितलं. "पाचसहा."

"आणि वाडीत मुलं किती?"

"पुष्कळ आहेत."

"मग आधी ते बघ. तिथं नुसतं राहणं म्हणजे काम नव्हे."

गाडी सुटली. मी वाटभर धुमसत होते. इतकं सोडून आले आणि बाईंनी एक गोड शब्द काढू नये! पण संगमनेरच्या पुढे घाट दिसायला लागले तशी माझी मलाच लाज वाटली आणि हसू आलं. बाई माझ्याशी अण्णांची मुलगी म्हणून बोलल्या नव्हत्या. एका मास्तरणीनं दुसऱ्या मास्तरणीशी बोलावं तशा त्या बोलल्या होत्या. तो मान मला तोवर कुणी दिला नव्हता.

वाडीत पोचले तेव्हा हौसा अंगणात भात झोडत होती. मी म्हणाले, "मी आता राहणार आहे."

तिनं पेंढी खाली ठेवली. "खरंच?"

"खरंच."

"मंग नाव काय तुमचं?"

"सुमन."

"सुमन," तिनं म्हणून पाहिलं. "चांगलं हाय. हात धुवा, भाकर टाकते."

त्यानंतर मी कामाला लागले. पोरं शाळेत येत नाहीत तर पोरं कुठे असतात, हे आधी बघितलं. सकाळी गुरं सुटायच्या आधी शाळा भरवली. हिरडा गोळा करायच्या दिवसांत बायकांबरोबर रानात गेले, झाडाखाली पोरांना हिरड्याची फळं मोजायला लावली. घराघरांत जाऊन आयांशी बोलले. पहिल्यांदा माझं बोलणं त्यांना जड वाटायचं. मग मी 'रोपं' म्हणायचं सोडून 'आवण' म्हणायला लागले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्याला 'राब' म्हणतात हे शिकले. पावसात डोक्यावर इरलं घेऊन ओढा ओलांडायला शिकले. पोरं हसायची, कारण माझं इरलं वाऱ्यानं उलटं व्हायचं. पण ती हसायला का होईना, यायची. नागलीची भाकरी कधी आवडायला लागली ते कळलंच नाही. एखादा धडा चांगला रंगला आणि मागच्या बाकावरच्या पोरीचे डोळे लकाकले की मला कुणाला विचारावं लागत नसे, हे कुणामुळे झालं म्हणून.

एकटेपण होतं. ते लपवून काय उपयोग? संक्रांतीला, राखीला घर आठवायचं. उसाच्या रसाच्या काहिलीचा वास आठवायचा. अण्णांनी दोन्ही सुट्ट्यांत ये म्हटलं नाही आणि मीही गेले नाही.

मग बाहत्तरचं साल आलं. आमच्या डोंगरात पाऊस नाही, असं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. आवण वाफ्यातच पिवळं पडलं. खाचरांना भेगा गेल्या. सरकारनं रस्त्याचं दुष्काळी काम काढलं आणि सगळी वाडी, बायका-माणसं, खडी फोडायला जायला लागली. त्यांच्याबरोबर पोरंही गेली. दगडी खोलीत मी आणि फळा, दोघंच उरलो. दोन दिवस तसे काढले. तिसऱ्या दिवशी देवरामला म्हणाले, फळा उचलायला मदत कर. कामावर एक उंबराचं झाड होतं, त्याच्या बुंध्याला फळा टेकवला. आया हातोड्यानं दगड फोडत आणि सावलीत आम्ही पाढे म्हणत असू. पहिल्या दिवशी आवाजानं काही ऐकू येईना. मग पोरांनीच हातोड्याच्या ठेक्यावर पाढे म्हणायला सुरुवात केली आणि पलीकडून हौसा ओरडली, "बाई, बे चोक काय म्हनला? मला बी सांगा!" त्यानंतर खडी फोडता फोडता चार बायका बेचा पाढा शिकल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी शाळा इमारतीत का नाही विचारलं. मी म्हणाले, "शाळा पोरांजवळ आहे." दुपारी पोरांना भाजलेल्या पिठाची सरकारी सुकडी मिळायची, तिच्यातली चिमूटभर मलाही आणून देत. मी घेत असे. नाही म्हणायचं नसतं, हे तोवर कळलं होतं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी जीप आली. पांढरं धोतर, पांढरी टोपी. माणसांना वाटलं कुणी मोठे साहेब आले, हातोडे थांबले. मी फळ्याकडून वळून पाहिलं तर अण्णा. दीड वर्षात किती वाळले होते. हौसा पुढे झाली.

"कोन पायजे?"

"सुमन मास्तरीन."

"त्यांचं कोन तुमी?"

"बाप," अण्णा म्हणाले.

तिनं त्यांना एक दगड पदरानं झाडून दिला. अण्णा पोरांच्या मागे त्या दगडावर बसले. मी थांबले नाही. धडा पुढे चालू ठेवला. एका पोरानं वाचताना अडखळून माझ्याकडे बघितलं, तर मागून अण्णांनी नकळत मान हलवून त्याला धीर दिला.

दुपारी पडवीत जेवलो. नागलीची भाकरी, मिरचीचा ठेचा. त्यांनी भाकरी मोडून बघितली आणि निमूट खाल्ली. मग म्हणाले, "कालव्याला पानी न्हाई. ऊस वाळला. समद्या दारांत जाऊन आलो." एखादी गोष्ट आपल्याच्यानं झाली नाही, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्या ताटात आणखी ठेचा वाढला. दुसरं काय करणार?

जीपपर्यंत सोडायला गेले. पायवाटेवर ते म्हणाले, "तुझं मला तवा पटलं न्हाई. अजून बी पटत न्हाई."

"ठाऊक हाय, अण्णा."

"त्ये सांगाय न्हाई आलो. सुटीला येत जा. तुझी आई दाराकडं बघत बसती."

एवढंच. ना त्यांनी माफी मागितली, ना मी. पण त्या मे महिन्यात मी घरी गेले आणि पुढे जात राहिले. मार्थाबाईंनाही भेटले. त्यांचे यजमान त्याच घरात, त्याच खाटेवर, बाईंच्या डोळ्यांसमोर वारले होते. बाई पुढे नोकरी संपल्यावर श्रीरामपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. मी गेले की पहिला प्रश्न असायचा, "मुलं किती?" आकडा वाढत गेला तसा त्यांचा चेहरा मऊ होत गेला.

आई मात्र वाडीत कधी आली नाही. घर, गुरं, सुना, नातवंडं, तिचं निघणं झालं नाही. पण मी गेले की विचारायची, "तुझ्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला गं? तितनं काय दिसतं?" मी सांगायची, डोंगर दिसतो, खालचा ओढा दिसतो. दर खेपेला ती तेच विचारायची आणि दर खेपेला नवीन ऐकल्यासारखं ऐकायची. तिला ती खिडकी दाखवायची राहिली. माझ्या जाण्याची किंमत कुणी दिली असेल तर ती तिनं. हे मला बोचतं आणि बोचत राहावं असंच वाटतं.

लग्न झालं नाही. एकदोन विचारणा आल्या, जमलं नाही. त्याला मी त्याग म्हणत नाही. मी काही मोठं केलं असंही म्हणत नाही. एकदा एका गोष्टीला नाही म्हणाले आणि मग त्या नाहीच्या मागे उभं राहण्यासाठी रोज काहीतरी करावं लागलं, एवढंच. ते करता करता माझं मला वजन कळत गेलं. फार नाही निघालं ते. पण माझं होतं.

पुढे बदल्या झाल्या, पण मी मागून घेतल्या त्या अकोल्याच्याच आसपास. निवृत्त झाल्यावर हौसाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या. देवराम आता नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या कुंपणावरून एकमेकींना हाका मारतो.

मागच्या हिवाळ्यात मळ्यात राहिलेल्या भाच्यांनी आग्रह केला, आत्या आता खालीच राहा. मळ्यात त्यांनी बंगला बांधलाय, माझ्यासाठी वेगळी खोली, गरम पाणी, मोठा टीव्ही. महिनाभर राहिले. सगळे फार प्रेमानं वागले, त्यात काही उणं नव्हतं. पण भाजी खारट झाली तर मी छान झाली म्हणायची. टीव्हीचा आवाज मोठा वाटला तरी राहू दे म्हणायची. तेही माझ्याशी तसंच. "आत्या, तुझा काही त्रास नाही गं," असं दिवसातून दहा वेळा. आपण सगळेच किती जपून बोलतोय, असं वाटायला लागलं. एका सकाळी मी पिशवी भरली. निघताना डोळे भरून आले, त्यांचेही, माझेही. ते माझं माहेर आहे आणि राहील.

संगमनेरला गाडी बदलली, अकोल्याला बदलली, जीपनं वाडीत उतरले. आता जीप थेट घरापर्यंत येते. दार उघडण्याआधी मागच्या बाजूला गेले. मेथीचा वाफा भुईसपाट होता.

"हौसा!" मी कुंपणावरून ओरडले. "तुझी शेळी माझ्या वाफ्यात शिरली होती का?"

ती आतून काठी टेकत आली. वाफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"व्हय, शिरली," ती म्हणाली. "लई दिस लावलंस, मंग शिरंल न्हाई तर काय करंल? ऱ्हायलेली मी खुडून नेली. रातच्याला हिकडंच जेवाय ये. तुझीच मेथी हाय."

मी तिला तोंड भरून शिव्या दिल्या आणि कुलूप उघडलं.